लाळेचं फडकं

आमच्या घरात माणसाच्या दुखण्याला फारशी किंमत नव्हती. कुणाला ताप आला तर आई सुंठ उगाळून कपाळाला लावायची, 'पड जरा' म्हणायची आणि कामाला लागायची. पण गोठ्यात एखादं जनावर नेहमीपेक्षा वेगळं खोकलं, की अण्णांचा हात ताटातच थांबायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. तोंडातला घास न चावता ते कान देऊन बसायचे. मग आम्हीही चावणं थांबवायचो. दुसरा खोकला आला नाही तर जेवण पुढं सुरू. आला तर अण्णा उठलेच. मोडनिंबपासून अडीच-तीन कोसांवर आमची वस्ती, पत्र्याच्या दोन खोल्या, आणि त्यांना लागून एकाच भिंतीचा गोठा. भिंतीच्या अलीकडं आम्ही भाकरी मोडायचो, पलीकडं जनावरं कडबा मोडायची. दोन्हींचा आवाज एकमेकांत इतका मिसळलेला असायचा, की माझं लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा पहिले कित्येक दिवस मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला वाटायचं, पोरीला माहेरची आठवण येते. येत होती, पण माणसांची नव्हे.

अण्णा शिकलेले नव्हते, पण गुरांच्या बाबतीत चार गावांत त्यांचा शब्द चालायचा. कानाचं मूळ धरून ताप सांगायचे, शेणाचा पो बघून पोटातलं सांगायचे, आणि नाकपुडी कोरडी पडली असेल तर जनावराच्या मालकाकडं असं बघायचे, की त्याच्या घशाला कोरड पडावी. त्यांच्याकडं औषधं तरी काय, तुरटी, हळद, गोडेतेल, बाभळीच्या सालीचा काढा, खुरातल्या किड्यांना फिनेल, आणि काढा पाजायला बांबूची एक नळी. जनावराची जीभ बाजूला ओढून धरायची आणि नळी गालफडातून आत घालायची. ही जीभ धरण्याचं काम माझं. मला थोरला भाऊ होता, पण त्याच्या हाताला जनावर बुजायचं. माझ्या हाताला बुजत नसे. 'सुमीचा हात गार हाय,' असं अण्णा चारचौघांत सांगायचे. सोळा वर्षांच्या पोरीला दुसरी कसली शाबासकी मिळणार होती? मी त्या एका वाक्यावर आठ-आठ दिवस तरंगायची. माझा गर्व तिथूनच वाढीला लागला, हे आधी कबूल करते, कारण पुढं जे झालं त्यात अज्ञान जितकं होतं तितकाच गर्वही होता.

त्या वर्षी घरात एक माणूस वाढलं होतं. कुसुमआत्या, अण्णांची धाकटी बहीण. तिला अकलूजकडच्या एका बागायती घरात दिली होती. ऊस, पाणी, दारात गाड्या, सगळं होतं. ती परत आली तेव्हा तिचा डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता. तो कसा मोडला हे तिनं सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. पहिले काही महिने अण्णा तिला गोडीगुलाबीनं समजावत होते, की बाईमाणसाचं घर ते घर, आज ना उद्या जावं लागणारच. आत्या खाली मान घालून ज्वारी निवडत राहायची. मग एक दिवस ती एकटीच उठून गेली आणि अंगावरच्या पाटल्या मोडून एक गाय घेऊन आली. गाय साधी नव्हती, संकरित होती. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, वशिंड नावाला नाही. आमची खिलारं तिच्याकडं टकमका बघत राहिली. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही गाय हाय का पावणी? हिला पंखा लागंल की गं कुसे!" सगळे हसले. आत्याही हसली. मग तिनं त्याच वाकड्या हातानं गाईच्या गळ्यातला कासरा सोडला आणि तिला पाण्यावर नेलं.

चांदणी तिचं नाव. ती गाभण होती. जानेवारीची थंडी ओसरता ओसरता व्याली, कालवड झाली. आत्यानं पहिल्या चिकाचा खरवस करून वस्तीवरच्या प्रत्येक घरात वाटला. वेलची नव्हती म्हणून तिनं त्यात किसलेलं सुकं खोबरं घातलं होतं, ती चव माझ्या जिभेवर अजून आहे. कालवडीचं नाव मी ठेवलं, ठकी. तोंड पांढरं, पाय काठीसारखे, आणि दिसेल त्या माणसाची बोटं चोखायची सवय. दूध सुरू झालं तसं आत्याचं बोलणं बदललं. डेअरीला जाणाऱ्या कॅनपैकी एक कॅन तिच्या नावाचा झाला. तिच्या सासरहून निरोप यायचे, कधी नरम, कधी धमकीचे. आधी असा निरोप आला की अण्णा तिच्याकडं बघायचे. आता बघेनासे झाले. एकदा तर निरोप घेऊन आलेल्या माणसाला आत्यानं स्वतःच उत्तर दिलं. "सांगा त्यास्नी, मी हितं कुणाच्या जिवावर बसल्याली न्हाय. माजी गाय मला पोसती, मी तिला." हे वाक्य नीट ध्यानात ठेवायला हवं. ती माहेरी राहू शकत होती ते भावाच्या प्रेमावर नव्हे, त्या गाईवर. गाय होती तोवर तिला परत जावं लागणार नव्हतं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं, मलाही.

लशीची गोष्ट आत्यानंच आमच्या घरात आणली. तिनं अकलूजकडं ती टोचताना बघितली होती. गुरांचे डॉक्टर सायकलला बर्फाचा थर्मास अडकवून वर्षातून एखाददुसऱ्या वेळी आमच्या भागात यायचे. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची आणि फऱ्याची लस लोक कुरकुरत का होईना टोचून घ्यायचे, कारण त्या रोगांत जनावर हां हां म्हणता जातं. पण लाळ-खुरकताच्या लशीला कुणी उभं राहत नसे. टोचलं की दोन-तीन दिवस दूध कमी येतं, आणि 'त्या रोगानं जनावर मरत थोडंच!' असं सगळे म्हणायचे. सगळ्यात मोठ्यानं अण्णा म्हणायचे. डॉक्टर थंडीत आले तेव्हा एकटी आत्या पुढं झाली होती. डॉक्टरांनी चांदणीच्या पोटाला हात लावला आणि म्हणाले, "ताई, हिचे दिवस भरत आलेत, आता धरपकड नको. व्याली की मी टोचतो. तोवर दुसऱ्या जनावरांत मिसळू देऊ नका." पुढं त्यांचा निरोपही आला, अमुक बुधवारी लस घेऊन येतो. आत्या वार मोजत बसली.

(आता माझ्या भावाचा मुलगा तीच जमीन बघतो. त्याच्याकडं नऊ गाई आहेत, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला. लस सरकारी, फुकट, दारात येऊन टोचतात. तरी मागं एकदा मी गावी गेले असताना हा लसवाल्याला सांगत होता, 'पुढच्या महिन्यात या की, आत्ता दूध जोरात हाय.' मी ओट्यावरून उठले, चपलाही न घालता गेले आणि पहिल्या गाईची वेसण स्वतः धरली. 'आत्या, तुला काय झालं एवढं चिडायला?' तो विचारत राहिला. लंपीची साथ आली तेव्हा त्यानं आपण होऊन फोन केला, 'टोचून घेतलं बरं का.' मला बरं वाटलं, पण मी का चिडले होते ते त्याला सांगितलेलं नाही.)

तर त्या बुधवारला आठ दिवस असताना आमचा बैल, हौशा, बाजारातून आला आणि चारा सोडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडातून तारा लोंबायला लागल्या, दोरीसारख्या, जमिनीपर्यंत. तो ओठ चाटायचा तेव्हा चप् चप् असा आवाज यायचा. अण्णांनी जबडा उघडून बघितला, जिभेवर फोड होते. त्यांनी आईला आत जाऊन सांगितलं, "आली बरं का. फोडणी बंद." आमच्याकडं लाळ आली की घरात फोडणी देत नसत. तेलात मोहरी तडतडली की गोठ्यातल्या देवीला राग येतो आणि जनावरांच्या तोंडातले फोड वाढतात, अशी समजूत. त्यामुळं घरात उकडलेलं खायचं, हुलग्याचं माडगं, मिठाचं बेसन, भाकरी आणि शेंगांची कोरडी चटणी. स्वयंपाकघरातला चर्र आवाज गेला की घर आजारी माणसासारखं गप्प व्हायचं. आई भांडंसुद्धा हळू ठेवायची. लहानपणी मला हे दिवस आवडायचे, कारण सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे.

आणि मग अण्णांचा तो जुना उपाय. हौशाच्या तोंडाला एक फडकं लावून ते लाळेनं भिजवायचं आणि तेच फडकं निरोगी जनावरांच्या तोंडात, हिरड्यांवरून, जिभेवरून चोळायचं. ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल. पण अण्णांच्या डोक्यात त्याचा हिशेब सरळ होता. रोग गोठ्यात शिरला म्हणजे कुणालाच सोडणार नाही. आज याला, पंधरा दिवसांनी त्याला, असं रेंगाळत गेलं तर दोन महिने एक ना एक जनावर लंगडणार आणि ज्वारीची खळी तशीच पडणार. त्यापेक्षा सगळ्यांना एकदम होऊ दे, हलकं होऊन निघून जाऊ दे. त्यांच्या वडिलांनी हेच केलं होतं. आमच्या खिलार बैलांना, देशी गाईंना, म्हशीला ते सोसायचं. आठ-दहा दिवस तोंड यायचं, खुरं चिघळायची, मग जनावर उभं राहायचं. ह्या कामाला शेजारच्या वस्त्यांवरचे लोक अण्णांना बोलावून न्यायचे. त्या दिवशीही त्यांनी फडकं भिजवलं आणि माझ्या हातात दिलं. मी एकेकाचं तोंड उघडून चोळलं. दुसरा बैल नवशा, म्हैस, दोन गाई, तीन मोठाली वासरं. ठकी त्यांच्यात नव्हती.

आत्यानं चांदणीला आणि ठकीला आदल्या दिवशीच गोठ्यातून काढून शेताच्या टोकाला, बांधावरच्या चिंचेखाली नेऊन बांधलं होतं. वेगळी बादली, वेगळा कासरा, वेगळं दावं. ती स्वतःही तिथंच राहायची, पोत्यावर बसून. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हातपाय धुतल्याशिवाय ती कुणाला जवळ येऊ देत नसे. अण्णांना तर नाहीच. ते एकदा फडकं घेऊन बांधापर्यंत गेले तेव्हा आत्या उठून वाटेत उभी राहिली.

"दादा, तितंच थांब. बुधवारी डॉक्टर लस घिऊन येणार हायती."

"तान लागल्यावर हीर खांदायला निगालीस व्हय गं? गोठ्यात रोग आला आन् आता लस!"

"माज्या गाईला हात लावायचा न्हाय."

"माज्या बापानं लावली, मी लावली. एक मोठं जनावर दगावलं का आजपातुर? सांग की!"

"ती खिलारं हुती, दादा. ही तसली न्हाय. तिकडं एका वस्तीवर बगितलंय म्या. गाया आडव्या झाल्या, वासरं उब्या उब्या पडली."

"तुज्या सासरचं कवतिक मला नगं सांगू," अण्णा म्हणाले आणि वळले. घरी येऊन ओट्यावर बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "समद्यांचं हून जाईल, आन् मग हिच्या एकटीच्या गाईला यील. तवा कोण बगणार हाय? खळ्यावर आसू आमी." त्यांचा चेहरा पडला होता. अण्णांना कुणी इतकं तोडून बोललेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला आत्याचा राग आला. चार दिवस सायकलवरून येणाऱ्या माणसाचं खरं, आणि जन्मभर गुरांत वाढलेल्या भावाचं खोटं?

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. अण्णांनी मला काही करायला सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला पुढं शेकडो वेळा वाटलं आहे. आईबापाच्या आज्ञेचं ओझं आईबापाच्या डोक्यावर टाकता येतं. पण मला कुणी पाठवलं नव्हतं. आत्याच्या चिंचेपर्यंत जाण्याची मुभा एकट्या मला होती, कारण मी सोड्यानं हात धुते यावर तिचा विश्वास होता. मी रोज दुपारी तिची भाकरी आणि गाईचा कडबा घेऊन जायची. शनिवारी दुपारी मी कडब्याच्या पेंढीत फडकं घालून नेलं. माझा विचार असा, की आत्याला कळायच्या आत चांदणीला हलकीशी लाळ येऊन जाईल, बुधवारपर्यंत ती सावरायलाही लागेल, मग आत्याच म्हणेल, सुमे, बरं झालं गं. मी तिचं भलं करत होते. वाईट करायच्या इच्छेनं केलेल्या गोष्टी माणूस विसरू शकतो. हे असलं भलं विसरता येत नाही.

आत्या पाणी आणायला विहिरीवर गेली होती. मी चांदणीच्या गळ्याला खाजवलं. तिनं मान लांब केली. माझा हात गार ना! जबडा सहज उघडला. मी हिरड्यांवरून, जिभेखालून फडकं फिरवलं, अण्णा फिरवायचे तसं. तेवढ्यात ठकी धडपडत आली आणि माझी बोटं शोधायला लागली. खरं तर तिचं माझ्या मनात नव्हतं. पण मी म्हटलं, आईला होणार तर हिलाही होऊन जाऊ दे, एकदम येईल, एकदम जाईल. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून मी तिच्या तोंडात दिलं. तिनं ते चोखलं.

सोमवारी संध्याकाळी चांदणीनं अर्धंच दूध दिलं. मंगळवारी सकाळी ती थरथरत होती आणि तोंडातून तार सुटली होती. आत्यानं हाक मारली ती मला नव्हे, अण्णांना. "दादा! दादा रं!" अशी, लहान मुलीसारखी. अण्णा धावत गेले, मागं मी. ठकी मात्र बरी दिसत होती. तोंडाला फोड नाहीत, लाळ नाही. शेपटी वर करून तिनं चिंचेभोवती एक चक्कर मारली, मग आईच्या कासेला लागली, दोन-चार घोट ओढले असतील नसतील. मग तिनं कास सोडली, जणू कुणी हाक मारली म्हणून मान वर केली, आणि पडली. पाय झाडले नाहीत, ओरडली नाही. ओठांवर दुधाचा फेस होता. आत्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात पाणी सोडत राहिली. पाणी बाजूनं वाहून जात होतं. अण्णांनी कानाचं मूळ धरलं, मग छातीवर हात ठेवला. त्यांना काही उमगत नव्हतं. "आसं कसं?" ते मला विचारत होते, सोळा वर्षांच्या पोरीला. "सुमे, आसं कसं गं? त्वांड बी आलं न्हाय हिला."

डॉक्टर बुधवारी ठरल्याप्रमाणं आले. बांधावरच थांबले, थर्मास सायकलवरून काढलाच नाही. आजारी जनावराला आता ही लस देऊन उपयोग नाही म्हणाले. लहान वासरांत हा रोग तोंडापर्यंत यायची वाट बघत नाही, थेट काळजाला धरतो, म्हणून ती अशी उभ्या उभ्या जातात, हे त्यांनीच सांगितलं. तोंड धुवायला लाल पावडर दिली, एक इंजेक्शन टोचलं. मग त्यांनी चिंचेकडं, वेगळ्या बादलीकडं, सोड्याच्या पाण्याकडं बघितलं.

"ताई, तुम्ही तर सगळं नीट केलं होतं. मग इथपर्यंत आलं कसं?"

मी आत्याच्या मागं दोन हातांवर उभी होते. अण्णा जमिनीकडं बघत होते. त्यांना वाटत असावं, आपल्याच पायाला लागून आलं.

"माज्याच हातनं आलं आसंल," आत्या म्हणाली. "गोठ्याच्या वाटंनं आले हुते मी एकदा. ध्यान ऱ्हायलं न्हाय."

ती त्या वाटेनं आली नव्हती. दुसरं कुणालाही नसलं तरी मला हे पक्कं माहीत होतं. तेव्हा मला वाटलं, बिचारी स्वतःलाच दोष देते आहे. बोलायला तोंड उघडलं होतं. नंतर ते मिटलं.

चांदणी मेली नाही. अण्णांनी महिनाभर तिच्यासाठी जे केलं ते त्यांनी स्वतःच्या आईसाठी केलं नव्हतं. बाभळीच्या काढ्यानं तोंड धुतलं, खुरातले किडे एकेक करून काढले, ज्वारीची पेज नळीनं पाजली. जीभ मीच धरली. पण सडांवर फोड आले होते, ते फुटून कास सुजली आणि दोन सड बंद पडले. उन्हाळा लागला तशी ती धापायला लागली. सावलीत उभी असतानाही जीभ बाहेर, अंगावर लांब लांब केस वाढलेले, कुत्र्यासारखी ह्या ह्या करायची. दूध चहापुरतं. गोठ्यातली आमची खिलारं तोवर खळ्यावर जुंपलीसुद्धा होती. अण्णांचा उपाय त्यांच्यापुरता खरा ठरला होता, आणि हेच मला सगळ्यात जास्त छळायचं.

मे महिन्यात आत्याचा नवरा दोन माणसं घेऊन आला. आईनं शेवयांची खीर केली, कारण जावई होता. ह्या वेळी अण्णा आत्याकडं बघत होते आणि आत्या चांदणीकडं. "दादा, मी जाते," ती म्हणाली. कुणी 'जा' म्हणायची वेळ तिनं येऊ दिली नाही. चांदणीला पुढच्या बाजारी माझ्या भावानं नेलं. धापणारी गाय कोण कशासाठी घेतं ते गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आई चुलीपाशी बसून रडली. अण्णांनी त्यानंतर दुसऱ्यांच्या वस्तीवर लाळ लावायला जाणं सोडलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. लोकांनी बोलावलं की 'गुडगं दुकत्यात' म्हणायचे.

माझं लग्न झाल्यावर सहा वर्षांनी, धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या निमित्तानं मी अकलूजला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून आत्याकडं गेले. अण्णा त्याआधीच्या वर्षी गेले होते. आत्या चाळिशीच्या आतच म्हातारी दिसायला लागली होती. पुढचे दोन दात नव्हते. बोलताना ती पदर तोंडावर धरायची. त्या घरात आता अकरा संकरित गाई होत्या, सिमेंटचा मोठा गोठा, आणि त्या अकराही गाईंचं सगळं आत्या एकटी करत होती. डेअरीचा कॅन नवऱ्याच्या नावाचा. तिनं मला पाट दिला, चहा दिला, माझ्या मुलाला मांडीवर घेऊन त्याचा पापा घेतला. मला वाटलं, आता तरी सांगावं. दूध काढायची वेळ झाली तशी ती उठली आणि मीही तिच्यामागं उठले. गोठ्याच्या दारात तिनं हात आडवा धरला, तोच, कोपरातून न वळणारा.

"तू हितंच थांब, सुमे."

आवाज रागाचा नव्हता. पाहुण्याला 'ओलं आहे, पाय जपून' म्हणावं तसा होता.

"आत्या, तुला ठावं हुतं?"

"हिरीवरनं चिच्चंखालचं समदं दिसायचं की गं," ती म्हणाली.

"मग थांबवलं का न्हाईस मला? आन् डॉक्टरला तू... तुज्यावर का घेतलंस?"

"वासरू तर गेलंच हुतं. तुजं लगीन व्हायचं हुतं. आन् दादाच्या कानावर गेलं आसतं तर त्यो तितंच बसला आसता." तिनं रिकामी बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आतून तिच्या नवऱ्यानं काही तरी ओरडून विचारलं, तिनं 'आले' म्हटलं, पण लगेच गेली नाही. "थांबवायचं म्हंतीस. मला काय ठावं, तुज्या हातात काय हाय ते? तू ठकीच्या तोंडात बोट दिलंस, म्या लांबनं बगितलं. मला वाटलं, पोरगी गूळ चारायलीय. बरं वाटलं बग मला तवा. उगंच घागर भरून उभी ऱ्हायले."

मग ती आत गेली आणि मी दारातच थांबले.